भरल्या ताटापुढे

काचेसमोर उभी राहून ती तोंड उघडत होती आणि मिटत होती. आधी मोठा ‘आ’, मग ओठांचा चंबू, मग ओठ गच्च बंद. पुन्हा ‘आ’.

जेवणाची सुट्टी होती. सगळे खाली गेले होते. रेकॉर्डिंगच्या खोलीची ती जाड काच आतला दिवा मालवला की आरशासारखी व्हायची, आणि तिला हा आरसा फार सोयीचा वाटायचा. तिचं कामच तसं होतं. परदेशी मालिका आपल्या भाषेत बोलत्या करायच्या. नुसतं भाषांतर करून भागत नसे. पडद्यावरच्या माणसाचे ओठ जिथे मिटतील, तिथे आपल्या शब्दाचेही ओठ मिटायला हवेत. नाहीतर तोंड एकीकडे आणि शब्द दुसरीकडे, अशी गत व्हायची.

“सिल्व्हर स्पून इन हिज माउथ…” ती पुटपुटली. श्वासाने काच धूसर झाली, ती तिने बाहीने पुसली. पुन्हा ‘आ’ केला.

तेवढ्यात डोक्यावरच्या स्पीकरमधून आवाज आला. शांत, किंचित हसरा.

“तुम्हाला काही विचारायचंय – की मला खायचा विचार आहे?”

ती दोन पावलं मागे सरली. आतला दिवा लागला. काचेच्या पलीकडे, अगदी तिच्या नाकासमोर, एक तरुण बसला होता. हातात अर्धं खाल्लेलं सँडविच, केस विस्कटलेले, आणि डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

“तुम्ही कधीपासून आहात इथे?”

“तुमच्या पहिल्या ‘आ’पासून.”

तिचे कान तापले. आवाजाच्या चाचणीला कोणी ना कोणी नवीन माणसं येत असत, त्यांतलाच हा असणार. “चाचणी संध्याकाळी आहे,” ती शक्य तितक्या करड्या स्वरात म्हणाली. “आणि आत खायला बंदी आहे. काका बघतील तर ओरडतील.”

“बरं,” म्हणून त्याने उरलेलं सँडविच एकदम तोंडात कोंबलं आणि आतला दिवा मालवून बाहेर आला. “काय चाललं होतं पण? मासा व्हायचा सराव?”

तिला हसू फुटलं. आणि हसू फुटलं की माणूस बोलतो. तिने सांगितलं – मालिकेतली एक खवट म्हातारी आहे. एका श्रीमंत घरच्या पोराकडे बघून ती म्हणते, ‘बॉर्न विथ अ सिल्व्हर स्पून इन हिज माउथ’. कॅमेरा थेट तिच्या तोंडावर. पळवाटच नाही.

“तोंडात चांदीचा चमचा घेऊन जन्मला,” तो म्हणाला. “झालं की.”

“आपल्याकडची कुठली म्हातारी असं म्हणेल?”

“मग ‘गर्भश्रीमंत’ म्हणा.”

“गर्भश्रीमंत म्हणजे नुसता पैसा झाला. त्यात डंख कुठाय? म्हातारीला म्हणायचंय, ह्याला सगळं आयतं मिळालं आणि ते आयतं मिळालंय हेही ह्याला ठाऊक नाही. ‘आयत्या पिठावर रेघोट्या ओढतो’ हे छान होतं, पण ते संपेपर्यंत म्हातारी उठून निघून जाते.” ती जरा थांबली. “म्हटलं, उद्या एक जिवंत नमुना येणारच आहे. त्यांना बघून सुचेल.”

“कोण?”

“मालकांचे चिरंजीव. शिकून परत येतायत. कधी एक शब्द रेकॉर्ड केला नसेल, पण थेट मालकांच्या शेजारच्या खुर्चीत बसणार. आम्ही इथे वर्षानुवर्षं तोंडं वासतोय.”

“वाईटच आहे हे,” तो गंभीरपणे म्हणाला. “आणि ओठ कुठे मिटायला हवेत?”

“तीनदा. ‘बॉर्न’चा ब, ‘स्पून’चा प, ‘माउथ’चा म. मी ‘भरल्या ताटावर जन्मलाय’पर्यंत आलेय. पहिला बसला, शेवटचाही बसला. मधला प सापडत नाही.”

त्याने स्वतःशीच ओठ हलवून पाहिले. “ताटावर जन्मला म्हणजे तो तोंडीलावणं झाला ना… जेवणारा ताटापुढे बसतो. भरल्या ताटापुढे जन्मलाय.”

तिने काचेकडे वळून म्हणून पाहिलं. भरल्या. ताटापुढे. जन्मलाय. तिन्ही ठिकाणी ओठ मिटले, अगदी म्हातारीसारखे. तिच्या अंगावर शहारा आला. कामातला असा क्षण तिला मिठाईपेक्षा गोड वाटायचा.

“कोण आहात हो तुम्ही?”

तो उत्तर देणार तोच दार उघडून काका आत आले. काका म्हणजे इथले जुने ध्वनिमुद्रक. मालकांच्या बरोबरीने ही जागा उभी करणारे. “अरे, छोटे मालक,” ते म्हणाले, “साहेब तुम्हाला उद्या आणायला गाडी पाठवणार होते, आणि तुम्ही इथे लपलात होय?”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तो मात्र तिच्याकडे वाकून हळूच म्हणाला, “नमुना बघून सुचलं ना – मग आता घाबरता कशाला?”

*

त्या इमारतीला खिडक्या नव्हत्या. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंती दुहेरी, दारं जाड. आत बसलेल्याला बाहेर ऊन आहे की आभाळ, काही कळायचं नाही. तो बाहेर जाऊन आला की तिच्या टेबलापाशी थबकायचा आणि बातमी द्यायचा. “लेखिकाबाई, आभाळ भरून आलंय.” “लेखिकाबाई, समोरच्या झाडाला पालवी फुटली, फुकट आहे, बघून या.”

“छोटे मालक, तुम्हाला काही कामधाम?”

“आहे की. हवामान खातं माझ्याकडेच दिलंय.”

पण तो कामचुकार नव्हता, हे तिला लवकरच मान्य करावं लागलं. काकांच्या शेजारी बसून तो यंत्रं शिकला. तिने लिहिलेले संवाद पडद्यासमोर वाचून बघायला नायकाचा आवाज लागायचा, तो तोच वाचायचा. नायिका तीच वाचायची. वाचता वाचता कधी कागदावरचं वाक्य संपून जायचं आणि दोघं नुसतेच एकमेकांकडे बघत राहायचे. काका खाकरायचे. “पुढचं पान घ्या रे. ते दोघं केव्हाच गाडीत बसून गेले.”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी तो तिला बसच्या थांब्यापर्यंत सोडायचा. एकदा पावसाची सर आली. थांब्यावरचा बाक भिजून गेला होता. तो बोलता बोलता खुशाल त्यावर बसला. ती उभीच राहिली.

“बस ना. फार तर काय होईल? कपडे भिजतील.”

हे त्याचं आवडतं वाक्य होतं. फार तर काय होईल? यंत्राचं नवं बटण दाबताना, बड्या गिऱ्हाइकाला तोंडावर नकार देताना, भर रस्त्यात तिचा हात धरताना. तिला ते वाक्य आवडायचं. तो बोलला की खिडकी उघडल्यासारखं वाटायचं. तिच्या घरात एक वेगळंच वाक्य चालायचं – काही झालं तर? वडील ती लहान असतानाच गेले. आईने कपडे शिवून, उसवून, दुरुस्त करून तिला वाढवलं. कुठलंही नवीन काही करायचं म्हटलं की आई शिलाईयंत्राचं चाक हाताने थांबवायची आणि विचारायची, “आणि काही झालं तर?”

त्या दिवशी तिने पिशवीतला प्लास्टिकचा कागद काढून बाकावर पसरला आणि मग बसली. “मला उद्या हेच कपडे घालायचेत,” ती हसून म्हणाली. तोही हसला. त्याला ती गंमत वाटली.

मग एक दिवस तो आईच्या दुकानात हजर झाला. कोटाचं आतलं अस्तर फाटलंय म्हणाला. आईने कोट हातात घेतला, अस्तरावरून बोट फिरवलं, त्याला बसायला स्टूल दिलं, चहा दिला. तो अघळपघळ बोलत बसला. तो गेल्यावर आई मुलीला म्हणाली, “अस्तर फाटलेलं नव्हतं. कापलंय. तेही बोथट कात्रीने.”

तिने मान खाली घातली.

“मुलगा हसरा आहे,” आईने दोरा दाताने तोडला. “पण चांगला कोट आहे गं तो. नुसतं भेटायला यायचं तर असाच आला असता. कोट कशाला कापायचा?”

*

मालिकेचा शेवटचा भाग आला. नायक नायिकेला सोडून निघतो. लांब रस्ता, तो पाठमोरा चालत जातोय, ती दारात उभी. मूळ भागात कोणीच काही बोलत नाही. नुसता वारा.

काका जेवायला गेले होते. पडद्यावर नायकाची पाठ दिसत होती आणि तो काचेच्या आत, मायक्रोफोनसमोर उभा होता. ती बाहेर, यंत्रापाशी.

“पाठमोऱ्या माणसाची एक गंमत आहे,” स्पीकरमधून तो म्हणाला. “त्याचे ओठ दिसत नाहीत. त्याच्या तोंडी काहीही घालता येतं.”

“ह्याच्या तोंडी काही नाहीये. गप निघून जातो.”

“हो. मूर्ख आहे तो.” जरासा श्वास. “यंत्र चालू कर.”

तिने केलं. का केलं, कोण जाणे. पडद्यावर नायक चालू लागला आणि त्या बंद खोलीत, कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये, अगदी तिच्या गालाजवळून आल्यासारखा त्याचा आवाज आला.

“मी जातोय असं वाटतंय ना तुला… पण मला तुझ्याशिवाय कुठे जायचंच नाहीये. मागे वळून बघायची भीती वाटते – तू दारात नसलीस तर?”

पडद्यावर तो नाहीसा झाला. रस्ता रिकामा राहिला. तिने काचेकडे पाहिलं. ह्या वेळी आत दिवा होता, आणि काचेत ती स्वतःला नाही, त्यालाच पाहत होती.

तो बाहेर आला. नेहमीसारखा हसत नव्हता. “बोल ना काही,” तो म्हणाला.

“मी दारातच आहे,” ती म्हणाली. मग तिने त्याच्या शर्टाची बाही धरली, नुसती बाही, आणि बराच वेळ सोडली नाही.

काकांची पावलं वाजली तसे दोघं बाजूला झाले. “ते वाक्य पुसून टाक हं,” ती कुजबुजली.

“राहू दे की. मूळ भागापेक्षा चांगलं झालंय. बघणाऱ्या बायका रडतील.”

“आपल्याला एक शब्दही वाढवायची परवानगी नाही. करारच आहे तसा.”

“शेवटच्या भागाची शेवटची दोन वाक्यं. कोण बसून मूळ भागाशी ताडून बघतंय? आणि बघितलं, तर – फार तर काय होईल?”

भाग बाहेर जाण्याआधी शेवटचा कान तिचा असायचा. तिने ‘ठीक’ म्हटल्याशिवाय काही पुढे जात नसे. तिने ते पुन्हा एकदा ऐकलं. एकटीने, डोळे मिटून. हा आवाज आता घराघरांत जाईल, आणि तो कोणाला उद्देशून आहे हे जगात फक्त दोघांनाच ठाऊक असेल… तिला त्या विचाराची भूल पडली. आयुष्यात पहिल्यांदाच ‘काही झालं तर?’ हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही.

“ठीक,” ती म्हणाली.

*

कोणीतरी ताडून बघितलं.

ज्या कंपनीची मालिका होती तिच्या देखरेख करणाऱ्या मॅडम स्वतः आल्या. दिग्दर्शकाने मुद्दाम जपलेल्या शांततेत तुमच्या लोकांनी बडबड घातली, असं त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. फक्त, पुढच्या कामाचा विचार करावा लागेल, एवढं बोलून गेल्या.

मालकांनी दोघांना बोलावलं. मालक दुष्ट नव्हते, थकलेले होते. एका खोलीतून त्यांनी हे सगळं वर आणलं होतं.

“बाबा, वाक्य माझं आहे,” आत शिरता शिरता तो म्हणाला. “बोललोही मीच. हिने पुसायला सांगितलं होतं.”

“आवाज ओळखतो मी तुझा,” मालक म्हणाले. मग तिच्याकडे वळले. “ठीक कोणी म्हटलं?”

“मी,” ती म्हणाली.

“तुम्ही ऐकलं होतंत?”

“हो.”

“मग मी बाहेर काय सांगू, बाई? मालकाच्या मुलाने पोरखेळ केला, म्हणून सांगू? उद्या ही जागा त्याच्या नावावर चालायची आहे. लोक काम देताना नाव बघतात.” त्यांनी डोळे चोळले. “मी लेखिकेची चूक झाली म्हणून कळवलंय. तुम्हाला आता इथे ठेवता येणार नाही. वाईट वाटतं मला, खरंच वाटतं.” आणि मुलाला म्हणाले, “तू काही दिवस इथे दिसू नकोस. नव्या शाखेचं काम सुरू होतंय, ते जाऊन बघ.”

तो वाद घालत राहिला. ती बाहेर आली आणि आपला कप, आपला जाडजूड शब्दकोश, मागच्या खुर्चीवरची शाल गोळा करू लागली. काका दारात उभे होते. सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं.

“पडला तोही,” ते हळू म्हणाले. “पण गादीवर पडला, पोरी.”

“त्याने खरं सांगितलं, काका. कबूल केलं.”

“केलं ना. मी कुठे नाही म्हणतो?” त्यांनी तिच्या हातातला कोश घेतला आणि बसच्या थांब्यापर्यंत पोचवायला निघाले.

ह्या धंद्याचं जग लहान होतं. दुसऱ्या दोन-तीन ठिकाणी ती गेली. सगळे गोड बोलले. कळवतो म्हणाले. एका ठिकाणची जुनी ओळखीची बाई तेवढी स्पष्ट बोलली, “तू शब्द वाढवतेस, असं झालंय गं तुझं नाव.”

तो रोज संध्याकाळी आईच्या दुकानाबाहेर येऊन थांबायचा. चेहरा उतरलेला. “एवढं काय घेऊन बसलीस? बाबांचे एक मित्र आहेत, त्यांचा मोठा स्टुडिओ आहे. मी एक फोन केला की काम होईल.”

“आणि ते मला ठेवतील, ते कशासाठी? तू फोन केलास म्हणून?”

“आत शिरायला कोणाला तरी दार उघडावंच लागतं. नंतर तू तुझ्या कामाने टिकशील.”

“मी माझ्या कामानेच टिकले होते,” ती म्हणाली. मग तिला त्याची दया आली. “तुला खरंच काही करायचंय? मग त्या मॅडमना जाऊन सांग, की ते तू केलंस. तुझ्या तोंडून, तुझ्या नावाने. माझं नाव धुऊन निघेल.”

“उद्याच जातो,” तो म्हणाला. आणि गेला. वडिलांना न विचारता गेला. त्याची जीभ अडखळली नाही, काही आडपडदा ठेवला नाही.

परत आला तो दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. आईला आत कापड बेतत सोडून ती बाहेर येऊन त्याच्या शेजारी बसली.

“काय म्हणाल्या?”

“कॉफी दिली.”

“मग?”

“मग म्हणाल्या…” तो बुटाच्या नाडीशी चाळा करत राहिला. “म्हणाल्या, हाताखालच्या माणसाची चूक स्वतःच्या अंगावर घेणारी माणसं आता कुठे दिसतात. त्यांना वाटलं मी तुला वाचवायला खोटं बोलतोय. मी परत परत सांगितलं. जितकं सांगितलं, तितक्या त्या कौतुकाने बघायला लागल्या. शेवटी म्हणाल्या, पुढच्या मालिकेची जबाबदारी तुम्ही स्वतः घेणार असाल तर काम तुमच्याकडेच देते.”

समोरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला.

“मी काय करायला हवं होतं, तू सांग,” तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. “मी कबूल करतो तर त्याचं श्रेयही माझ्याच पारड्यात पडतं. मी तुझ्या बाजूला येऊन उभा राहूच शकत नाहीये.”

त्याला ते इतकं नेमकं कळलं होतं, की तिचाच जीव कळवळला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. आठवड्याच्या आत गोष्ट सगळीकडे पसरली होती, पण वेगळीच होऊन. मालकाचा पोरगा बिचारा भोळा आहे, त्या लेखिकेने नादी लावलं, इतकं की तिच्यासाठी खोटं बोलायला गेला.

*

शेवटी एका लहान गावातल्या छापखान्यात तिला काम मिळालं. शाळेची पुस्तकं छापत. तिने मुद्रितं तपासायची, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं. तिथे कोणी तिचं नाव ऐकलेलं नव्हतं, एवढंच तिला पुरेसं होतं. आईनेही दुकान आवरायला काढलं. उसवणं-शिवणं कुठेही चालतं, म्हणाली.

तिने त्याला सांगितलं तेव्हा दोघं जुन्या बागेत बसले होते. दुपार कलली होती, झाडांच्या सावल्या लांब झाल्या होत्या.

तो एकदम तिच्याकडे वळला. “मी येतो तिकडे.”

“वेडा आहेस.”

“खरंच येतो. नवी शाखा नको, काही नको. काहीतरी काम बघेन. आपण लग्न करू. तुझ्या आईला मी अजून कोटवाला म्हणूनच ठाऊक आहे, जावई म्हणून ठाऊक होईन.”

ती हसली आणि हसता हसता डोळे भरून आले. तिने डोळ्यांसमोर आणून पाहिलं – छापखान्याजवळची दोन खोल्यांची जागा, आईच्या यंत्राचा आवाज, संध्याकाळी हा दारातून आत येतोय, आभाळ कसं आहे ते सांगतोय. इतकं स्वच्छ दिसलं ते, की तिचे ओठ ‘हो’ म्हणायला उघडलेच होते. तो तिच्याकडे बघत होता. तिच्या डोळ्यांतलं पाणी त्याला भीतीचं वाटलं असावं. तिला धीर द्यायला, अगदी मायेने, तो म्हणाला –

“घाबरू नकोस गं. एक वर्ष बघू. नाही जमलं, तर परत येता येईल की.”

तिचे ओठ मिटले.

त्याला काही कळलं नाही. तो तिच्या उत्तराची वाट बघत होता. वारा सुटला होता, तिच्या कपाळावरची बट त्याने हलकेच मागे सारली.

“तुला परत येता येईल,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“तू बघायला येशील. मी राहायला चाललेय. मला तिथून मागे यायला जागा नाही रे. मी रोज सकाळी उठून तुझा चेहरा बघेन, आज ह्याला जमतंय का, आज कंटाळला का… माझ्याने नाही व्हायचं ते.”

आपणच काय बोललो ते आता त्याला ऐकू येत होतं. चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला.

“मी चुकीचं बोललो,” तो म्हणाला.

“नाही. खरं बोललास.”

“मी परत येणार नाही, असं वचन दिलं तर?”

“दिलंस तर तू पाळशीलही,” ती म्हणाली. “मला ठाऊक आहे. पण मला ते वचन रोज मोजावंसं वाटेल, आणि तुला ते रोज उचलावं लागेल. आपण असे नव्हतो ना… आपण किती हसायचो.”

तो उठला नाही. तीही उठली नाही. सावल्या एकमेकांत मिसळून जाईपर्यंत दोघं तसेच बसून राहिले, हातात हात घेऊन.

सामान न्यायच्या दिवशी तो आला. बोलावलं नव्हतं, तरी आला. शर्टाच्या बाह्या दुमडून त्याने शिलाईयंत्र जिन्यावरून खाली आणलं. वजन कुठे धरायचं ते न कळून दोनदा भिंतीला हात खरचटून घेतला. टेम्पोत सामान लागलं, तसा दोरही त्यानेच बांधला. आईने गाठ ओढून पाहिली, ती सुटली. आईने काही न बोलता ती पुन्हा घट्ट बांधली आणि त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला. पाणी पिऊन त्याने आईला वाकून नमस्कार केला. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, जरा जास्तच वेळ.

आई ड्रायव्हरशेजारी बसली, ती खिडकीकडेला. तो खिडकीपाशी आला. “जप,” एवढंच म्हणाला. “तूही,” ती म्हणाली. टेम्पो हलला तसा तो काही पावलं बरोबर चालला. मग रस्ता वळला.

शहर मागे पडलं. दोन्हीकडे मोकळी शेतं आली. आई कितीतरी वेळ समोर बघत बसली होती.

“पोरगा वाईट नव्हता गं,” ती म्हणाली.

“नव्हताच,” तिने खिडकीकडे तोंड केलं. “वाईट असता तर किती सोपं होतं, आई.”

आईने तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. तिने डोळे मिटले नाहीत. आणि गाडी चालत राहिली.